शैक्षणिक मानसशास्त्राचा पदव्युत्तर अर्ज: आधी प्रश्न, मग विद्यापीठ

शैक्षणिक मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांची सर्वांत महागडी चूक अर्ज भरण्याच्या आधीच होऊन गेलेली असते, आणि ती नावांच्या सारखेपणातून होते. अमेरिकेत ‘एज्युकेशनल सायकॉलॉजी’ आणि ‘स्कूल सायकॉलॉजी’ ही दोन स्वतंत्र क्षेत्रे आहेत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये त्यांचे विभागही वेगळे आहेत, पहिल्याचा पंधरावा आणि दुसऱ्याचा सोळावा. पहिल्या क्षेत्रात माणूस कसा शिकतो, शिकण्याची इच्छा कशाने टिकते किंवा मावळते आणि शिकलेले मोजायचे कसे, यावर प्रामुख्याने संशोधन चालते. दुसऱ्यात शाळेत राहून मुलांच्या चाचण्या घेणे, अध्ययनातील अडचणी ओळखणे, समुपदेशन करणे आणि शिक्षक-पालकांना सल्ला देणे यांचे व्यावसायिक प्रशिक्षण मिळते, ज्याच्या ‘स्पेशालिस्ट’ स्तरावरील (म्हणजे मास्टर्स आणि डॉक्टरेट यांच्या मधल्या) पदवीसाठी १२०० तासांची इंटर्नशिप अपेक्षित असून त्यांपैकी किमान ६०० तास शाळेत घालवावे लागतात. ब्रिटनमध्ये हेच शब्द जागा बदलतात. तेथे ‘एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट’ हे कायद्याने संरक्षित पदनाम आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही, आणि हे पदनाम धारण करणारी व्यक्ती साधारणपणे अमेरिकेतील स्कूल सायकॉलॉजिस्टचेच काम करते. त्यामुळे मुलांसोबत प्रत्यक्ष काम करण्याची ओढ असलेल्याने अमेरिकेतील संशोधनप्रधान अभ्यासक्रमाला अर्ज केला, तर प्रवेश मिळूनही तो चुकीच्या ठिकाणीच पोहोचतो. संकेतस्थळावरील पहिल्या पानावर विसंबू नये. अभ्यासक्रम संपल्यावर कोणता परवाना मिळतो, की कोणताच मिळत नाही, ही ओळ शोधून काढावी.

ब्रिटनमध्ये, निदान इंग्लंडमध्ये, या व्यवसायाचा मार्ग तीन वर्षांच्या डॉक्टरेटमधून जातो आणि त्यासाठी ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीने ग्राह्य धरलेली मानसशास्त्राची पदवी व मुलांसोबतच्या कामाचा अनुभव लागतो. अमेरिकेतील संशोधनप्रधान अभ्यासक्रम या बाबतीत बरेच मोकळे आहेत. गणित, भाषाशास्त्र, संगणकशास्त्र किंवा अध्यापन यांपैकी कोणत्याही वाटेने आलेला विद्यार्थी तेथे चालतो, आणि पदवीनंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करण्याची मुभाही अनेक विद्यापीठे देतात. मास्टर्सचा खर्च बहुधा स्वतःला करावा लागतो, तर पीएच.डी.मध्ये शुल्कमाफी आणि संशोधन-साहाय्यक किंवा अध्यापन-साहाय्यक म्हणून विद्यावेतन मिळण्याची शक्यता बरीच अधिक असते. ज्याने आजवर एकही संशोधन प्रकल्प केलेला नाही, त्याने पाच-सहा वर्षांच्या पीएच.डी.त उडी घेण्यापूर्वी प्रबंध लिहायला लावणारा मास्टर्स करावा, असे माझे मत आहे. प्रबंधाविना पूर्ण होणारा मास्टर्स या कामी फारसा उपयोगी पडत नाही.

आता खऱ्या कामाकडे वळू. पीएच.डी.च्या प्रवेशात समितीसमोरचा प्रश्न ‘हा विद्यार्थी हुशार आहे का’ एवढाच नसतो. ‘हा कोणासोबत, कोणत्या प्रश्नावर काम करील’ हेही तिला पाहायचे असते. म्हणून विद्यापीठांची यादी करण्याआधी स्वतःचा प्रश्न लिहून काढावा. ‘मला मुलांच्या शिकण्यात रस आहे’ हा प्रश्न नव्हे. ‘गणितात एकदा नापास झालेली मुले पुढच्या परीक्षेआधी सराव का टाळतात’ हा प्रश्न होऊ शकतो, आणि तो नीट न्याहाळला की त्याला अनेक तोंडे फुटतात. सराव टाळण्यामागे स्वतःच्या क्षमतेविषयीची शंका आहे असे वाटत असेल, तर आपण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलेल्या स्व-कार्यक्षमतेच्या (एखादे काम आपल्याला जमेल या विश्वासाच्या) संकल्पनेपाशी, म्हणजे प्रेरणेच्या अभ्यासकांकडे पोहोचतो. मुले नुसते पुन्हा पुन्हा वाचतात आणि पुस्तक मिटून आठवून पाहत नाहीत असे दिसत असेल, तर वाट स्मृतीच्या संशोधनाकडे जाते, जिथे रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगांनी वाचण्यापेक्षा आठवण्याचा सराव दीर्घकाळात अधिक टिकतो हे दाखवले. उदाहरणांची मांडणीच मुलांच्या कार्यस्मृतीवर, म्हणजे विचार करताना माहिती क्षणभर धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर, जास्त ओझे टाकत असेल, तर जॉन स्वेलर यांचा बोधात्मक भाराचा सिद्धान्त हाताशी येतो. आणि मुळात ती परीक्षा मोजायला हवे तेच मोजते का, ही शंका असेल, तर मापनशास्त्र व संख्याशास्त्राचा गट गाठावा लागतो. प्रश्न एकच असला तरी मार्गदर्शक चार वेगळे होतात, आणि यांतला आपला कोणता हे ठरल्याशिवाय पुढे सरकण्यात अर्थ नाही.

मार्गदर्शक शोधण्यासाठी क्रमवारीच्या याद्यांपेक्षा नियतकालिके चाळावीत. १९१० पासून निघणारे ‘जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’, तसेच ‘कंटेम्पररी एज्युकेशनल सायकॉलॉजी’ आणि ‘एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट’ यांचे गेल्या तीन-चार वर्षांतील अंक पाहिले, तरी कोण कोणत्या प्रश्नावर काम करते याचा नकाशा उभा राहतो. लेख वाचताना निष्कर्षाइतकेच पद्धतीच्या भागाकडे लक्ष द्यावे, कारण पुढची काही वर्षे त्याच पद्धतीत जाणार आहेत. ज्याला मुलाखती घेऊन वर्गातले अनुभव समजून घ्यायचे आहेत, तो केवळ मोठ्या सर्वेक्षणांवर काम करणाऱ्या गटात सुखी राहण्याची शक्यता कमी. विभागाच्या नावावरही जाऊ नये. विस्कॉन्सिन-मॅडिसन येथे अध्ययनशास्त्र, मानवी विकास, संख्यात्मक पद्धती आणि स्कूल सायकॉलॉजी ही सर्व क्षेत्रे शैक्षणिक मानसशास्त्राच्या एकाच विभागात नांदतात, तर मिशिगन स्टेटमध्ये शैक्षणिक मानसशास्त्राची पीएच.डी. शैक्षणिक तंत्रज्ञानाशी जोडलेली आहे. निवडलेल्या प्राध्यापकांना ई-मेल पाठवताना तो आठ-दहा ओळींपलीकडे जाऊ देऊ नये: आपण कोण, त्यांच्या कोणत्या लेखातील कोणत्या मुद्द्याशी आपला प्रश्न जुळतो, आणि पुढील वर्षी ते नवे विद्यार्थी घेणार आहेत का. उत्तर न आल्यास तो नकार समजू नये, पण ‘यंदा घेत नाही’ असे उत्तर आल्यास अर्जशुल्क नक्कीच वाचते.

उद्देशपत्र, ज्याला सगळे एसओपी म्हणतात, हा अर्जाचा कणा आहे आणि बहुतेक अर्ज इथेच ढासळतात. ड्रू ॲपलबी आणि कॅरेन ॲपलबी यांनी २००६ मध्ये मानसशास्त्राच्या प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना अर्जदार कशामुळे नाकारले जातात असे विचारून त्याचा लेख प्रसिद्ध केला. त्यात स्वतःच्या मानसिक आजाराचे अनावश्यक तपशील, अति परोपकाराचा सूर, त्या अभ्यासक्रमाविषयीचे अज्ञान, सदोष लेखन आणि छाप पाडण्याचे फसलेले प्रयत्न ही कारणे पुढे आली. ‘लहानपणापासून मला शिकवण्याची आवड होती’ हे वाक्य खरे असले तरी समितीला काहीच सांगत नाही. त्याऐवजी पहिल्याच परिच्छेदात प्रश्न मांडावा, मग तो कुठून आला हे सांगावे. सहा वर्षे शिकवलेल्या व्यक्तीने आपल्या तळमळीचे वर्णन करण्यापेक्षा, ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज होती तीच मुले मदत मागायला कचरत होती, असे एक निरीक्षण नोंदवले, तर वाचणाऱ्या प्राध्यापकाला त्यात संशोधक दिसतो. त्यानंतर आजवर केलेले काम यावे, आणि त्यात स्वतःचा वाटा नेमका किती होता हे स्पष्ट असावे: माहिती गोळा केली, की प्रश्नावली तयार केली, की विश्लेषणही केले. आर किंवा एसपीएसएस ही संख्याशास्त्रीय विश्लेषणाची सॉफ्टवेअर येत असतील तर त्यात काय केले ते लिहावे. नुसते नाव लिहिणे पोकळ वाटते. शेवटच्या भागात दोन किंवा तीन प्राध्यापकांचा उल्लेख कारणासह करावा. हा भाग दुसऱ्या विद्यापीठाचे नाव घालून तसाच चालत असेल, तर तो लिहिलाच गेलेला नाही असे समजावे. एखाद्या सत्रात गुण घसरले असतील, तर एका वाक्यात कारण द्यावे आणि पुढे जावे.

शिफारसपत्रे साधारणपणे तीन मागितली जातात. त्यांतील किमान दोन तुमचे संशोधनाचे किंवा लेखनाचे काम जवळून पाहिलेल्यांची असावीत. उच्चपदस्थ पण अनोळखी व्यक्तीचे गुळगुळीत पत्र समितीला लगेच ओळखू येते. पत्र देणाऱ्याला पाच-सहा आठवडे आधी विचारावे, आणि ‘तुम्ही मला सबळ पत्र देऊ शकाल का’ असेच विचारावे, म्हणजे ज्याला ते जमणार नाही त्याला सभ्यपणे बाजूला होता येते. होकार मिळाल्यावर उद्देशपत्राचा मसुदा, गुणपत्रक आणि मुदतींची यादी सोबत द्यावी.

जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा आता अनेक ठिकाणी ऐच्छिक झाली आहे किंवा मागितलीच जात नाही, म्हणून परीक्षेची नोंदणी करण्याआधी प्रत्येक अभ्यासक्रमाचा नियम पाहावा. जीआरईचे गुण पाच वर्षे, तर टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे दोन वर्षे ग्राह्य धरले जातात.

अमेरिकेत पीएच.डी.च्या मुदती बहुधा डिसेंबरात किंवा जानेवारीच्या आरंभी संपतात. त्यामुळे उन्हाळ्यात वाचन, सप्टेंबरात ई-मेल, ऑक्टोबरात पहिला मसुदा आणि पत्रांची विनंती, असा उलटा हिशेब मांडावा. मुलाखत झालीच, तर तिथे सध्याच्या विद्यार्थ्यांशी प्राध्यापकांच्या अनुपस्थितीत बोलण्याची संधी सोडू नये: विद्यावेतन किती वर्षांसाठी हमीचे आहे, उन्हाळ्यात ते मिळते का, मार्गदर्शक मसुदा किती दिवसांत वाचून देतात आणि मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, हे त्यांनाच विचारता येते. आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावावर निर्णय कळवण्यासाठी अमेरिकेतील बरीच विद्यापीठे १५ एप्रिल ही सामायिक तारीख पाळतात, आणि तिच्याआधी उत्तर देण्याचा दबाव आल्यास त्या तारखेचा उल्लेख करून वेळ मागण्यात काहीही गैर नाही. एक प्रस्ताव स्वीकारायचे ठरले की बाकीच्यांना त्याच दिवशी नकार कळवावा, कारण तुमच्या मौनामुळे अडलेल्या जागेची प्रतीक्षायादीतला कोणीतरी वाट पाहत असतो.