आजोबांचे आयुष्य लिहून ठेवताना

मराठी माणसाच्या पूर्ण नावात वडिलांचे नाव असते, आजोबांचे नसते. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो, पण त्यामागचे नाव विचारले तर बहुतेक घरांत कोणालाच सांगता येत नाही. ज्यांच्या खांद्यावर बसून आपण गावची यात्रा पाहिली, त्या आजोबांची ओळख आपल्या नातवंडांना व्हावी असे वाटत असेल, तर त्यांचे आयुष्य कोणीतरी कागदावर उतरवले पाहिजे, आणि तेही त्यांच्या बरोबरीची माणसे हयात आहेत तोवर. माझे आजोबा, आमचे आबा, पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि परळच्या एका कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे कामगार म्हणून राबले. ते गेल्यानंतर चार वर्षांनी मी हे काम हाती घेतले. चार वर्षे उशीर झाला, याची खंत आजही आहे.

सुरुवातीला विशेषणे बाजूला ठेवावीत. ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘शिस्तप्रिय’ या शब्दांत कोणाचेही आजोबा बसतात. त्याऐवजी एक साधी दोनशे पानी वही घेऊन तिच्या पहिल्या पानांवर आपल्याला स्वतःला आठवणाऱ्या बारीकसारीक गोष्टी जशा सुचतील तशा लिहाव्यात: ते चहा बशीत ओतून पीत की कपानेच पीत, सुट्टे पैसे कुठे ठेवत, राग आला की बोलत की गप्प बसत, गावाला निघताना पिशवीत सर्वांत वर काय असे. कोणाशीही बोलण्याआधी हे करणे आवश्यक आहे, कारण इतरांच्या आठवणी ऐकल्या की आपल्या आठवणी त्यांत मिसळून जातात आणि मग वेगळ्या काढता येत नाहीत.

त्यानंतर माणसांकडे जावे. वडील आणि काका-आत्या यांच्याआधी आजोबांच्या पिढीची माणसे गाठावीत: धाकटे भाऊ, बहिणी, मेहुणे, गावातले सोबती, एका खोलीत राहिलेले गाववाले. एका वेळी एकाच व्यक्तीशी, तिच्याच घरी बोलावे. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी विचारावे. फोन एअरप्लेन मोडवर टाकून घडी केलेल्या रुमालावर बोलणाऱ्याच्या जवळ ठेवावा, पंखा बंद करावा आणि सुरुवातीलाच दिनांक, गाव व बोलणाऱ्याचे नाव आपल्या आवाजात नोंदवावे. थकलेल्या माणसाला तासाभरापेक्षा जास्त बसवू नये.

‘आजोबांविषयी काही सांगा’ असे विचारले की उत्तर येते, ‘काय सांगायचं, देवमाणूस होता.’ आबांचे धाकटे भाऊही साचा खात्यातच होते. कामाविषयी विचारल्यावर त्यांनी मला दोन वाक्यांत उत्तर दिले आणि ते गप्प झाले. आबांच्या ट्रंकेत एक जुना धोटा, म्हणजे मागावर आडवे सूत नेणारे साधन होते, लाकडी, दोन्ही टोकांना पोलादी टोपण असलेले. पुढच्या भेटीत मी तो धोटा नेला आणि काही न बोलता त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, अंगठ्याने बाजूचे छिद्र चाचपले आणि सवयीने धोटा ओठांना लावून आत श्वास ओढला. धोट्यातली सुताची कांडी बदलली की सुताचे टोक असे तोंडाने ओढून घ्यावे लागे, त्याबरोबर कापसाची धूळही आत जाई, हे त्यांनी नंतर सांगितले. आणि मग पाऊण तास ते बोलत होते: बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात उभे राहणे, खात्यात आवाजामुळे खुणांनी चालणारे बोलणे, रात्रपाळीवरून आलेल्याने दिवसपाळीवर गेलेल्याच्या वळकटीवर झोपणे. म्हणून भेटीला जाताना वस्तू न्यावी. अडकित्ता, चंची, औत हाकायचा आसूड, मोजपट्टी, पोस्टमनची पिशवी, जे आजोबांच्या हातात वावरले ते त्यांच्या सोबत्याच्या हातात द्यावे.

आजीला आणि आजोबांच्या बहिणींना मात्र मदतीपुरते विचारू नये. आबा मुंबईत असताना गावची जमीन, दोन म्हशी आणि आजारी सासू आजीने एकटीने सांभाळली. ती बाजू नसेल तर आबांचे आयुष्य अर्धेच लिहिले जाते.

तारखांचा प्रश्न लवकरच येतो. जुन्या माणसांना सन आठवत नाही, पण घटना आठवतात, म्हणून ‘कोणत्या वर्षी?’ याऐवजी ‘भूकंपाच्या आधी की नंतर?’ असे विचारावे. पाटणकडच्या माणसाला 11 डिसेंबर 1967 ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट विसरणे शक्य नाही. पुण्याच्या माणसाला 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर विचारावा, गोव्याच्या माणसाला 19 डिसेंबर 1961 ची गोवामुक्ती, मराठवाड्यात 17 सप्टेंबर 1948 चा मुक्तिदिन आणि लातूर-धाराशिवकडे 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप. सुकडी खाऊन खडी फोडल्याची आठवण निघाली की 1972 चा दुष्काळ समजावा. हिशेब आण्यांत होता की नव्या पैशांत, एवढ्यावरूनही 1 एप्रिल 1957 च्या अलीकडचे-पलीकडचे ठरवता येते.

जन्मतारखेबाबत सावध राहावे. त्या पिढीतील असंख्य लोकांचा वाढदिवस 1 जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने ती तारीख लिहिली. आबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही 1 जूनच आहे. घरातल्या एका बाडात मात्र शके 1852, माघ असा उल्लेख सापडला. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण माघ महिना जानेवारी-फेब्रुवारीत येत असल्यामुळे इथे 79 मिळवावे लागतात. म्हणजे जन्म 1930 चा नसून 1931 च्या सुरुवातीचा. मराठवाड्यातील जुन्या कागदांवर फसली सन, म्हणजे निजामाच्या राज्यातले महसुली वर्ष असते, त्यात सुमारे 590 मिळवावेत.

सरकारी कागदांपैकी सातबारा आणि फेरफार यांतून जमीन कधी आली, कधी वाटली गेली हे कळते. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात असतात आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करता येतो. नोंद मोडीत असेल तर अंदाजाने वाचू नये, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात, तर कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी पिढ्यांची नावे सांगतात. आजोबा गिरणीत असतील तर हजेरीचा पास, तिकीट नंबर, ईएसआयचे (कामगार विमा योजनेचे) कार्ड आणि प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी शोधावी. म्हाडाच्या घरासाठी अर्ज केलेल्या कुटुंबांत ती फाइल हमखास असते.

पण मला सर्वांत जास्त ज्याने सांगितले तो कागद कोणत्याही कचेरीतला नव्हता. मनीऑर्डरच्या फॉर्मला निरोप लिहिण्यासाठी एक लहान तुकडा असे, जो पैसे घेणाऱ्याकडे राही. आजीने असे तुकडे बिस्किटांच्या डब्यात दोऱ्याने बांधून ठेवले होते. पोस्टाच्या शिक्क्यांवरून मी ते क्रमाने लावले. डिसेंबर 1967 च्या तुकड्यावर आबांनी लिहिले आहे, ‘भिंत बांधून घेणे. पोरांना बाहेर निजवणे. यात्रेला येतो.’ एरवी दर महिन्याला एक तुकडा आहे, आणि शेवटचा जानेवारी 1982 च्या पहिल्या आठवड्यातला. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर डब्यात काहीच नाही. तेव्हा कागद तपासताना जे नाही तेही टिपावे: पत्रे कधी थांबली, फोटोत कोण दिसेनासे झाले, पासबुकात कोणते महिने कोरे आहेत.

फोटोंची काळजी थोडक्यात सांगते. मागे बॉलपेनने लिहू नये. मऊ पेन्सिलीने, न दाबता, डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी टाळावी. स्कॅन 600 डीपीआयने करावे. फोनने काढायचे असेल तर फ्लॅश न वापरता खिडकीजवळच्या सावलीत काढावे.

कटू गोष्टींचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. भावकीतले वाद, कर्ज, व्यसन, मोडलेली सोयरीक यांना वगळून लिहिलेले आयुष्य घरच्या माणसांनाच खरे वाटत नाही, असे माझे मत आहे; मात्र हयात व्यक्तीचा संबंध असेल तर तिला आधी मजकूर वाचून दाखवावा. संपात आजीच्या पाटल्या गहाण पडल्या आणि सुटल्या नाहीत, हे लिहू का, असे मी तिला विचारले. ‘लिही,’ ती म्हणाली, ‘वजनासकट लिही.’ पाटल्या चार तोळ्यांच्या होत्या.

लिहायला बसताना जन्मापासून आरंभ करण्याची गरज नाही. आजोबांच्या भर उमेदीतला एक साधा दिवस घ्यावा आणि पहाटे उठण्यापासून दिवा मालवेपर्यंत तो पूर्ण लिहावा. त्या दिवसात जे समजत नाही तेवढेच पुन्हा जाऊन विचारावे. बोलणाऱ्यांची वाक्ये प्रमाण भाषेत बदलू नयेत, ‘म्या’ला ‘मी’ करू नये. दोन नातेवाइकांच्या आठवणी जुळत नसतील तर दोन्ही, नावानिशी, शेजारी शेजारी द्याव्यात.

ध्वनिमुद्रणे फोनमध्येच राहू देऊ नयेत. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे आणि लिहिलेला मजकूर कागदावर छापून ठेवावा. मी डावीकडची पाने छापली आणि उजवीकडची कोरी सोडली. आबांच्या श्राद्धाच्या दिवशी त्या प्रती वाटल्या, सोबत एकेक पेन्सिल दिली. आत्याची प्रत परत आली तेव्हा धोट्याच्या पानासमोर तिने लिहिले होते की आबा घरी आल्यावर आधी चूळ भरत आणि मगच मुलांना जवळ घेत.