मोटार सारखी जळतेय? भरायला देण्याआधी या चुका टाळा

फेब्रुवारी सरत आला, विहिरी खोल गेल्या, की बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात मोटार भरण्याच्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याच्या, दुकानांसमोर जळालेल्या मोटारींची रांग लागते. गेल्या उन्हाळ्यात गोदाकाठच्या एका गावचे मामा टेम्पोत मोटार घालून माझ्या दुकानात आले. पाच एचपीची मोनोब्लॉक, म्हणजे पंप आणि मोटार एकत्र असलेली. एका हंगामात तिसऱ्यांदा.

"कालपासून नुसती गुणगुणायलीय, फिरंना. मग वासच सुटला. तुमी तार हलकी टाकली का काय?"

मी त्यांच्यासमोरच मोटारीचं झाकण काढलं. आत वाइंडिंगचे, म्हणजे गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचे, सहा गुच्छ गोल बसलेले असतात. त्यातले समोरासमोरचे दोन कोळशासारखे काळे पडले होते, सुतळी जळून गेलेली, बोट लावलं की वॉर्निशचा भुगा पडत होता. बाकीचे चार मात्र जसे भरून दिले तसेच तांबूस, चकचकीत. तार हलकी असती तर सगळेच काळवंडले असते. इथे एक फेज, म्हणजे लाईनच्या तीन चालू तारांपैकी एक, बाहेरूनच तुटला होता आणि मोटार उरलेल्या दोन फेजवर ओढत राहिली होती. वाइंडिंग डेल्टा, म्हणजे त्रिकोणी जोडणीचं असेल तर अशा वेळी एक फेज जळतो आणि दोन कोरे राहतात; स्टारमध्ये, म्हणजे तिन्हींची टोकं एकत्र बांधलेली असतील तर, दोन जळतात आणि एक कोरा राहतो. सगळे गुच्छ सारखेच करपले असतील तर जास्त लोड किंवा कमी व्होल्टेज. एकाच ठिकाणी भोक पडल्यासारखं जळालं असेल तर तिथे तारेला तार चिकटली किंवा बॉडीला लागली.

म्हणून माझी पहिली विनंती हीच: मोटार भरायला दिलीत तर जुनं वाइंडिंग तोडण्याआधी समोर उभं राहून बघा, मोबाईलमध्ये फोटो काढा. एकदा तार तोडून भंगारात गेली की ती का जळाली हे कळायला मार्ग राहत नाही, आणि नवी मोटारही त्याच वाटेने जाते.

रिलेचा काटा पुढे सरकवणे

चालत्या मोटारीचा एक फेज गेला तर ती लगेच थांबत नाही. आवाज बदलतो, पाणी थोडं कमी पडतं, आणि उरलेल्या दोन तारांमधला करंट साधारण पावणेदोन पट होतो. पाच एचपीची मोटार ४१५ व्होल्टवर साधारण ८ अँपिअर घेते. फेज गेला की तीच १३-१४ घेऊ लागते. ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटार आपोआप बंद करणारा भाग, याच्यासाठीच बसवलेला असतो. मग मामांचा रिले का पडला नाही? स्टार्टर उघडला तर काटा १२ वर. "सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून पोराने वाढवला."

रिले सारखा पडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. बेअरिंग जाम झालंय, पंपात गाळ अडकलाय, व्होल्टेज पडलंय, एखादा फेज ढिला आहे. काटा मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरवरच ठेवायचा. साडेसात एचपीच्या पुढे स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर बहुतेक ठिकाणी रिले वाइंडिंगच्या तारांवर बसवलेला असतो. तिथे पट्टीवरच्या आकड्याला ०.५८ ने गुणून काटा लावायचा. पट्टीवर १५ असेल तर काटा पावणेनऊच्या आसपास. पूर्ण १५ वर लावलेले रिले मी कितीतरी पाहिलेत. ते असून नसल्यासारखेच.

सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेला असतो आणि तोही अनेकांनी "लाईट असून चालू होऊ देत नाही" म्हणून बायपास केलेला असतो. तो चालू होऊ देत नाही कारण त्याला तीन फेजपैकी एक दिसत नाही किंवा तिन्हींमध्ये जास्त फरक दिसतो. कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार चालवायची सवय अजून गेलेली नाही. पाणी मिळतं हे खरं, पण त्यात तीन फेजचं काम दोन तारा करतात आणि वाइंडिंग आतून भाजत राहतं. वाइंडिंगचं तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा नियम मोटार भरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो.

मामांचा फेज कुठे तुटत होता? स्टार्टरमध्येच. मधल्या कॉन्टॅक्टवर कुणीतरी कानस घासली होती. त्यावर चांदीचा थर असतो. तो घासून गेला की खाली तांबं उघडं पडतं, लवकर काळं होतं, ठिणग्या पडतात आणि एक दिवस तो फेज जुळतच नाही. कॉन्टॅक्ट काळे दिसले तरी कानस किंवा पॉलिश पेपर मारू नका. फार खड्डे पडले असतील तर तिन्हींचा सेट बदला.

मोटार बंद ठेवून व्होल्टेज मोजणे

ही चूक शिकलेले वायरमनही करतात. मीटर लावला, ४१० दाखवले, "लाईट बरोबर आहे" म्हणून निघून गेले. मोटार बंद असताना तारेतून करंट जात नाही, म्हणून तारेत व्होल्टेज पडतही नाही. ढिला जॉइंट, बारीक केबल, सडलेला जंपर, सगळं त्या ४१० मागे लपून राहतं. मोटार चालू करून, पाणी पडू लागल्यावर, स्टार्टरच्या खालच्या टर्मिनलवर तिन्ही जोड्या मोजा.

मामांकडे चालू मोटारीवर आकडे आले ४१०, ३९५ आणि ३८०. ऐकायला फरक फक्त तीसचा. पण सरासरी ३९५ धरली तर एक बाजू १५ ने कमी, म्हणजे जवळपास चार टक्के. व्होल्टेजमध्ये साडेतीन टक्के तफावत पडली तरी मोटारीच्या वाइंडिंगची उष्णता साधारण २५ टक्क्यांनी वाढते, कारण थोड्याशा व्होल्टेजच्या फरकाने करंटमध्ये कितीतरी मोठा फरक पडतो. क्लॅम्प मीटर असेल तर तिन्ही तारांचे अँपिअरही लिहून ठेवा. तिन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला की मोटार चालवत राहू नका.

आता केबलचा हिशोब. डीपी (शिवारातला ट्रान्सफॉर्मर) लांब, विहीर त्याहून लांब, हे आपल्याकडचं नेहमीचं. अडीच एमएमच्या तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. ३५० मीटर केबलवर पाच एचपीची मोटार ८ अँपिअर घेत असेल तर वाटेतच सुमारे ३० व्होल्ट जातात. चार एमएमची घेतली तर १९, सहाची घेतली तर १३. तितक्याच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची घेतली तर तोटा तांब्याच्या दीडपटीहून जास्त. डीपीवरच ३८० असतील तर अडीच एमएमच्या टोकाला ३५० उरतात. मोटारीची उचल, म्हणजे फिरवायचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाने घटते. व्होल्टेज १५ टक्के कमी झालं तर उचल जवळपास २८ टक्के कमी. चालू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते, तेव्हा तर हा तोटा आणखी वाढतो. "गुणगुणते पण उचलत नाही" याचं उत्तर निम्म्या वेळा केबलमध्ये असतं. केबल घेताना दुकानदाराला फक्त एचपी सांगू नका, अंतरही सांगा.

तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम पिळून वर टेप गुंडाळलेला जॉइंट मला बघवत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने पातळ थर चढतो, उन्हात तो जॉइंट ढिला होतो, मग तापतो, मग आणखी ढिला होतो. दोन्ही धातूंना चालणारी लग (तारेच्या टोकाची टोपी) दाबून घ्या.

एक गोष्ट थोडक्यात, पण मनापासून. ऑटो स्विच काढून टाका. लाईट आल्याबरोबर एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उचलल्या की तो करंट डीपीला झेपत नाही. डीपी जळाली की सगळ्या शिवाराची पाळी जाते. त्याऐवजी पाच एचपीला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर (कंडेन्सर) लावा. लाईनवरचा करंट कमी होतो, टोकाला दोन-चार व्होल्ट जास्त मिळतात.

घरातली सबमर्सिबल आणि कंडेन्सर

सिंगल फेजच्या पॅनलमध्ये दोन कंडेन्सर असतात. एक सुरुवातीचा, १२०-१५० मायक्रोफॅरडचा, तो एक-दोन सेकंदच लाईनीत असतो. दुसरा ३६ किंवा ५० मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्टचा, तो मोटार चालू असेपर्यंत राहतो. सुरुवातीचा दुसऱ्याच्या जागी लावला तर थोड्या वेळात फुटतो. तो सतत चालायला बनवलेलाच नसतो. "जास्त मायक्रोचा टाकला की जोर येतो" ही समजूतही खोटी. नेमून दिलेल्यापेक्षा मोठा टाकला की एका वाइंडिंगमधून जास्त करंट जातो आणि तेच जळतं.

तपासताना लाईट बंद करा, कंडेन्सर सोडवा, आणि आधी त्यातला साठा उतरवा. २३० व्होल्टच्या लाईनचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं, आणि तेवढं व्होल्टेज कंडेन्सरमध्ये लाईट गेल्यावरही बसून राहू शकतं. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका; होल्डरमधला बल्ब दोन टोकांना लावा. मग मीटरवर मायक्रोफॅरड बघा. ३६ चा २८ दाखवत असेल तर फुगलेला नसला तरी बदला.

टीव्हीच्या सर्किट बोर्डावरही तोच नियम. तिथला मोठा फिल्टर कॅपॅसिटर ४०० व्होल्टचा असतो, कारण त्यावर ३२५ डीसी येतात. घाईत २५० चा टाकला तर तोंडासमोर फुटतो. ध्रुव उलटे लावले तरी फुटतो. आणि दुरुस्त केलेला बोर्ड थेट लाईनला लावू नका. १०० वॅटच्या साध्या बल्बचा सिरीज बोर्ड करून ठेवा. बल्ब भकभकून पूर्ण पेटला तर बोर्डात अजून शॉर्ट आहे. क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. अजूनही यापेक्षा स्वस्त आणि चांगलं संरक्षण मला माहीत नाही.

मीटर वापरताना दोन गोष्टी जिवावर बेततात. ओहमवर ठेवून चालू लाईनला लावणं, आणि करंट मोजून झाल्यावर लाल पिन १० अँपिअरच्या छिद्रातच विसरून व्होल्टेज मोजायला जाणं. दुसरीत मीटर म्हणजे सरळ शॉर्ट तार होते. व्होल्टेज मोजण्याआधी पिनकडे बघायची सवय लावून घ्या.

टेस्टर दोन्ही तारांवर पेटतो तेव्हा

"दोन्हीकडे फेज आलाय" असं लोक म्हणतात. खरं तर न्यूट्रल तुटलेला असतो. चालू असलेल्या बल्बमधून किंवा पंख्यातून फेजच पलीकडच्या तारेवर येऊन बसतो. ती तार काळी आहे म्हणून हात लावू नका.

न्यूट्रल डीपीवर किंवा खांबावर तुटला तर गल्लीतच खेळ सुरू होतो. कुणाकडे बल्ब पांढरेफक्क, कुणाकडे मिणमिणते. जिथे लोड कमी, तिथे व्होल्टेज साडेतीनशेच्या पुढेही जातं. असं दिसताक्षणी मेन बंद करा, शेजारच्यांना हाक मारा. न्यूट्रलमध्ये फ्यूज कधीही टाकू नका. किटकॅटमध्ये (फ्यूजच्या चिनीमातीच्या डबीत) जाड तार भरू नका. फ्यूज जळायलाच हवा. आणि फ्यूज टाकायला स्वतः डीपीवर चढू नका, कितीही वेळ लागला तरी लाईनमनची वाट बघा.

अर्थिंग कोरडं पडू देणे

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळते. जुलैत गच्च बसलेली अर्थिंगची सळई मेमध्ये हलवली तर खटखट हलते. मातीशी तिचा संबंधच सुटलेला असतो. समजा अशा अर्थिंगचा रोध ४० ओहम झाला आणि मोटारीच्या बॉडीला फेज लागला. २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअर जमिनीत जातील. १६ अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) त्याला दाद देणार नाही, आणि बॉडीवर करंट तसाच बसून राहील. एमसीबी तार वाचवते. माणूस वाचवायला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की लाईट तोडणारा स्विच, लागते. घरात ती असायलाच हवी, आणि तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघायला हवं.

मामांच्या विहिरीवर मोटार बसवण्याआधी मी मीटरची एक पिन स्टार्टरच्या पेटीला लावली, दुसरी ओल्या चरात खोचलेल्या खिळ्याला. ९० व्होल्ट. पेटीच्या मागे एक तार भोकात घासून उघडी पडली होती. अर्थिंगची तार होती, पण ती एका लाकडी खुंटीला गुंडाळून ठेवलेली. त्या पेटीशेजारच्या हौदावर घरातल्या बाया रोज धुणं धुवायच्या.

त्या दिवशी मोटार टेम्पोतच राहिली. मामांनी आणि त्यांच्या पोराने हौदाच्या सांडपाण्याच्या बाजूला, जिथे ओल टिकते तिथे, पुरुषभर खड्डा खणला. पत्रा उभा करून कोळसा आणि मीठ भरलं, वरून पाण्यासाठी पाइप सोडला. घासलेली तार बदलली, रिले ८ वर आणला, कॉन्टॅक्टचा सेट नवा टाकला. दुसऱ्या दिवशी मोटार जोडून पुन्हा पिना लावल्या. पेटीवर शून्य आलं, मग मामांनी बटण दाबलं.