डेंटेक्स ओळखायचा? रंग सोडा, आधी दात बघा

भूमध्य समुद्रातला डेंटेक्स मासा हा सी ब्रीम नावाच्या माशांच्याच खानदानातला, पण त्याचे बरेच भाऊबंद शिंपले-खेकडे फोडून खातात आणि हा पठ्ठ्या मासे, माकूळ, ऑक्टोपस यांच्या मागे लागतो, त्यामुळे त्याची खरी ओळख तोंडातच आहे.

मासा हातात असेल (मेलेला हं, जिवंताच्या तोंडात बोट घालू नका) तर पेन्सिलने ओठ जरा मागे सारा. वर-खाली दोन्ही जबड्यांत पुढे ४ ते ६ मोठे सुळे दिसतील, आणि मागचे दातपण टोकदारच. याच खानदानातल्या गिल्टहेड ब्रीमचं तोंड उघडलंत तर मागे गोल गुळगुळीत दाढा, गोट्या रचल्यासारख्या, शिवाय दोन डोळ्यांच्या मधे सोनेरी पट्टा, म्हणजे तिथे घोळ व्हायचं कारणच नाही. बाय द वे, डेंटेक्स या नावामागचा लॅटिन 'डेन्स' आणि आपला 'दंत' एकाच मुळातले.

खरा घोळ होतो पिंक डेंटेक्सशी, कारण सुळे त्यालाही असतात. मग पाठीवरचा पर जिथे संपतो तिथे काळा डाग आहे का बघा, असेल तर तो पिंक. त्याच्या पिल्लांच्या पाठीच्या परातले पुढचे काही काटे दोऱ्यासारखे लांब असतात, आणि म्हाताऱ्या नराच्या कपाळाला टेंगूळ येतं.

रंगावर जाऊ नका म्हटलं ते यासाठी की वयाप्रमाणे डेंटेक्सचा रंग बदलतो. लहानपणी राखाडी अंगावर निळे ठिपके, मोठेपणी गुलाबी-लालसर झाक, आणि त्यात पाण्याखाली लाल रंग सगळ्यात आधी गायब होतो, म्हणजे खोलवर गुलाबी मासापण करडाच दिसणार. टॉर्च मारा, मग कळेल.

डायव्हिंग करत असाल तर खडकाळ तळ शोधा, साधारण १५ ते ५० मीटर, तसा तो २०० मीटरपर्यंतही जातो. लहान असतात ते घोळक्याने फिरतात, मोठा बहुतेक एकटाच. आणि त्याच्या मागे पोहत सुटू नका, हात हलवत बसलात की संपलं! खडकाआड गप्प पडून राहा, श्वासपण हळू. हा मासा भारी चौकस, लांबून एक चक्कर मारतो, मग जवळ येऊन कुशीवर वळतो, फोटोची वेळ तीच.

साइज बघून नर की मादी सांगायला मात्र जाऊ नका. गिल्टहेड आधी नर असतो आणि पुढे मादी होतो, डेंटेक्समधे तसं नाही, नर-मादी वेगळेच. मीटरभर लांबीचा दिसला तर तो बरीच वर्षं जगलेला समजा, हे मासे विशीच्या पुढेही जातात.