ब्रॉन्किओलायटिसच्या बाळाच्या नाकातलं सॅम्पल कसं घ्यायचं

पाऊस सरत आला की आमच्या बालरुग्ण वॉर्डात आया एकच गोष्ट सांगत येतात, "सिस्टर, बाळाचं पोट उडतंय." दोन वर्षांच्या आतलं लेकरू, छातीत घुरघुर, बहुतेक वेळा मागे आरएसव्ही विषाणू. हाच ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे बारीक श्वासनलिकांना आलेली सूज. या सुजेचा अभ्यास चालू असेल, तर अशा बाळाच्या नाकातला शेंबूड तपासायला लागतो. तो मी कसा घेते, ते नव्या सिस्टर्ससाठी लिहितेय.

आधी आईला स्पष्ट सांगा की हे अभ्यासासाठी आहे, बाळाचे उपचार यावर ठरत नाहीत. ती हो म्हणाली तरच पुढे जा.

सॅम्पल दूध पाजायच्या आधी घ्या. भरल्या पोटी बाळ ओकतं आणि ते श्वासात जाऊ शकतं. बाळाला दुपट्यात गुंडाळा, पायाला पल्स ऑक्सिमीटर लावा. ऑक्सिजन ९० च्या खाली असेल तर सॅम्पल राहू द्या, आधी ऑक्सिजन लावून डॉक्टरांना बोलवा.

नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत कॅथेटर (शेंबूड ओढून घ्यायची मऊ, बारीक नळी) मोजून खूण करा. नाकपुडीत १ मिली सलाईन सोडा. कॅथेटर वर कपाळाकडे न नेता सरळ मागे सरकवा, तेव्हा सक्शन बंद हवं. बाहेर काढताना सक्शन सुरू करा आणि हलकेच फिरवत १० सेकंदांच्या आत आटपा. बाळ रडेल, पण निळं पडायला लागलं तर तिथेच थांबा.

सॅम्पलची डबी लगेच बर्फात ठेवा. लेबलवर आजाराचा कितवा दिवस, किती सलाईन घातलं आणि स्टेरॉइड दिलंय का, हे लिहाच. एकदा मी एका बाळाला १ मिली, दुसऱ्याला २ मिली घातलं आणि नोंद केली नाही. दुसऱ्याचा शेंबूड जास्त पातळ झाला होता, त्यामुळे त्यातलं इंटरल्युकिन-८ (सुजेत शरीर सोडतं ते एक प्रथिन) खरंच कमी होतं की पाण्यामुळे कमी दिसत होतं, हे कुणालाच सांगता येईना. दोन लेकरांना दिलेला त्रास वाया गेला, ते मला अजून लागतं.

इंटरल्युकिन-८ न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावून आणतं. या आजारात नाकात, श्वासनलिकांत त्यांचीच गर्दी असते. दम्यात बहुधा इओसिनोफिल या वेगळ्या पांढऱ्या पेशी वाढतात, म्हणून "दम्याचं औषध का नाही देत?" असं आईने विचारलं तर हा फरक समजावून सांगा.

मग बाळ आईकडे द्या. नाक मोकळं झालेलं असतं, मघाशी दोन घोटांत दूध सोडणारं लेकरू सलग ओढायला लागतं. दूध पिऊन शांत झालं की पूर्ण एक मिनिट श्वास मोजा आणि तोही आकडा लिहून ठेवा.