व्ही. शांतारामांचे चित्रपट कसे अभ्यासावेत: नागपुरातून दिग्दर्शनाकडे वळणाऱ्यांसाठी

ज्याची फ्रेम दुरून ओळखू येते असा एखादा दिग्दर्शक आवडला, की नवशिके त्याचे रंग उचलतात, सेटचा थाट उचलतात, आणि ते सगळं तिथे कशासाठी होतं हे राहून जातं. या सवयीवर शांतारामबापूंचे चित्रपट चांगला उतारा आहेत. त्यांची शैली एका जागी थांबतच नाही. १९५५ मध्ये 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये काढला, तो जोरात चालला. आणि दोनच वर्षांनी 'दो आँखें बारह हाथ' कृष्णधवल. रंग हाताशी असताना का सोडला, हा प्रश्न घेऊन बसलात तर अर्धा अभ्यास तिथेच होतो.

आधी कारकीर्दीचा क्रम नीट लक्षात घ्या. जन्म कोल्हापूरचा, १९०१ चा. लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत, मग १९२० च्या सुमारास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. तिथे पडेल ते काम. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तरुण शेतकऱ्याची भूमिका केली, आणि पहिलं दिग्दर्शन, 'नेताजी पालकर', १९२७ मध्ये. म्हणजे साधारण सात वर्षं इतरांच्या हाताखाली. बाबूराव मुळात चित्रकार. उजेड आरशांनी, रिफ्लेक्टरनी वळवून हवा तिथे पाडायचा, हे त्या कंपनीत रोजचं काम होतं. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्याबरोबर कोल्हापुरात 'प्रभात' ही चित्रपट कंपनी काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. १९४२ मध्ये प्रभात सोडून त्यांनी मुंबईत परळला राजकमल कलामंदिर हा स्वतःचा स्टुडिओ उभा केला. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, १९९० मध्ये ते गेले.

यात एक गोष्ट नवशिक्यांच्या हातून हमखास सुटते. 'शांतारामांची नजर' म्हणून आपण जे दाखवतो त्यातलं बरंचसं प्रभातमध्ये फत्तेलालांच्या कलादिग्दर्शनाचं आणि दामल्यांच्या ध्वनीचं आहे. पुढे 'झनक झनक'मध्ये कनू देसाईंचे सेट आणि जी. बालकृष्णांचा कॅमेरा. म्हणून श्रेयनामावली वगळून पुढे जाऊ नका, ती वहीत उतरवा. दिग्दर्शक कोणाकोणाला जवळ ठेवतो, हाही त्याच्या शैलीचाच भाग.

पाहण्याचा क्रम आम्ही असा सुचवू: 'कुंकू' (१९३७), मग 'दो आँखें बारह हाथ', मग 'नवरंग' (१९५९). 'अमृतमंथन' (१९३४) नंतर, तोही आधी फक्त राजगुरूच्या डोळ्याच्या त्या प्रचंड क्लोज-अपसाठी. टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने घेतलेला तो डोळा घाबरवतो, कारण पडद्यावर दुसरं काहीच उरत नाही. 'नवरंग' आधी पाहिलात तर बाकी सगळं फिकं वाटेल आणि वहीत नुसती विशेषणं भरतील.

काय पाहताय, त्याची प्रत तपासणं ही पहिली पायरी. जुने चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत, १.३७ ला १ या प्रमाणात चित्रित झालेले. इंटरनेटवरच्या कित्येक प्रती आजच्या टीव्हीत बसाव्यात म्हणून वरखाली कापलेल्या नाहीतर आडव्या ताणलेल्या असतात. तपासायला सोपा उपाय: पडद्यावर गोल वस्तू शोधा. 'कुंकू'त भिंतीवरचं घड्याळ आहेच. तबकडी अंडाकृती दिसली तर प्रत ताणलेली. गोल असून माणसांच्या कपाळाला वरची कड घासत असेल तर कापलेली. अशा प्रतीवरून रचनेबद्दल एक अक्षर लिहू नका. सावल्यांचंही तेच. कितव्या तरी पिढीच्या प्रतीत काळे भाग गच्च होतात आणि पांढरे जळतात; ते पाहून 'किती ठळक प्रकाशयोजना' म्हणणं म्हणजे झेरॉक्सच्या डागाचं कौतुक. रंगीत चित्रपटात सगळं गुलाबीकडे झुकलेलं दिसलं तर तो बहुधा फिक्या पडलेल्या प्रिंटचा दोष, दिग्दर्शकाची निवड नव्हे.

आता शॉट ब्रेकडाउन, म्हणजे प्रसंगातला एकेक शॉट सुटा करून नोंदवणं. अख्खा चित्रपट घेऊ नका. सलग दहा मिनिटं पुरे. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' ही कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं. वहीत किंवा एक्सेलमध्ये रकाने करा: शॉटचा क्रमांक, सुरुवातीची वेळ, लांबी सेकंदांत, आकार (लाँग, मिड, क्लोज), कॅमेरा हलतो का, उजेड कुठून येतो, आवाजात काय आहे, आणि शेवटचा रकाना, या शॉटमुळे आधी माहीत नसलेलं काय कळलं. दहा मिनिटांचे सहाशे सेकंद भागिले शॉटची संख्या, ही सरासरी लांबी. साठ शॉट निघाले तर दहा सेकंद. पण सरासरीवर थांबू नका. सगळ्यात लांब आणि सगळ्यात छोटे तीन-तीन शॉट काढा आणि ते तिथेच का आले ते पाहा.

मोजणी चुकते ती दोन जागी. एक, डिझॉल्व्ह (एक चित्र विरत जाऊन दुसरं उमटणं) दोनदा मोजला जातो. तो मधोमध एकच कट धरा. दोन, खराब प्रतीतल्या गळालेल्या फ्रेम कट वाटतात. चित्र जागच्या जागी किंचित उडी मारतं आणि त्याच क्षणी आवाजातही 'टक्' होतं, तर ती फिल्मची जोडणी आहे. शेवटचा रकाना सलग पाच ओळी रिकामा राहिला तर तुम्ही पाहत नाही, नुसतं टिपताय. उठा, चहा घ्या.

'कुंकू' दोनदा करा, एकदा डोळे मिटून. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही; जे ऐकू येतं ते त्या दृश्यातच वाजत असतं, गाण्यांची साथसुद्धा. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात आणून टाकलेली नीरा आणि तिच्याभोवतीचे ते आवाज, एवढ्यावर ताण उभा राहतो. आजच्या लघुपटांत पहिल्या सेकंदापासून पियानो सुरू होतो, त्यांच्यासाठी हा धडा सक्तीचा करायला हवा. 'नवरंग'मध्ये उलट दिशेने तेच पाहा. 'अरे जा रे हट नटखट'मध्ये संध्या एका बाजूने स्त्री, आणि वळली की पुरुष, कारण मुखवटा डोक्याच्या मागच्या बाजूला बांधलेला. चमत्कार लॅबमध्ये घडलेला नाही, वेशभूषेत आणि वळण्याच्या वेळेत आहे. फ्रेम थांबवून मान कितव्या मात्रेवर फिरते ते पाहा.

मग कॅमेरा हातात घ्या. सराव असा: एक खोली, एक माणूस, वेळ दाखवणारी एक वस्तू, बारा शॉट, तीन मिनिटं, पार्श्वसंगीत नाही, संवाद जास्तीत जास्त दोन. फोन चालेल. मॅन्युअल कंट्रोल देणारं ॲप घ्या, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. फोनने मनानेच ३० फ्रेम आणि १/६० धरलं तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर पात्र खिडकीसमोरून गेलं की भिंत उजळते-काळवंडते आणि सगळा शॉट वाया. बाहेर उन्हात मात्र १/५० वर चित्र पांढरंफटक होईल, कारण बहुतेक फोनच्या भिंगाचं छिद्र लहान करता येत नाही. तिथे उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा किंवा सावलीत या.

उन्हाचं बोलायचं तर नागपूरचं ऊन हाच इथला मोठा मास्तर. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी बाराच्या सुमारास सूर्य इथे जवळपास थेट डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठावर येते. सकाळी साडेआठच्या आत किंवा पाचनंतर चेहरे घ्या. मधल्या वेळात महाल, इतवारीतल्या अरुंद गल्ल्या बघा: ऊन समोरच्या भिंतीच्या वरच्या भागावर आपटून खाली मऊ होऊन उतरतं. जुन्या वाड्याच्या चौकालगतची ओसरी मिळाली, मालकाला विचारून, तर तयार साइड लाइटच. उलट बाजू भरायला पांढरा सनबोर्ड, चेहऱ्यापासून तीनेक फुटांवर. चंदेरी फॉइल लावाल तर लांब धरा, माणूस डोळे मिचकावतो. पंचेचाळीस अंशांत फोन तापून रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं. दोन शॉटच्या मध्ये तो सावलीत ठेवा, फ्रीजमध्ये नको. आत पाणी साचतं.

आवाजाचा शत्रू कूलर. टेकच्या आधी तो बंद करा, पण लगेच 'ॲक्शन' म्हणू नका: खसच्या पॅडमधून टाकीत पाणी ठिबकत राहतं आणि माइकला ते स्वच्छ ऐकू येतं. ठिबक थांबल्यावर आधी रिकाम्या खोलीचा तीस सेकंदांचा आवाज घ्या, संपादनात दोन शॉटमधली फट त्यानेच बुजते. शेजाऱ्याच्या कूलरवर इलाज नाही, त्याच्याशी मैत्री हाच इलाज.

शिक्षणाचं. पुण्याच्या एफटीआयआयचं (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) आवार म्हणजे प्रभातचाच स्टुडिओ. त्याच लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. दिग्दर्शन आणि पटकथालेखनाचा एफटीआयआयचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पात्रता कोणत्याही शाखेची पदवी. म्हणजे बारावीनंतर लगेच जाता येत नाही, आणि घरच्यांना 'आधी पदवी' हे सांगताना भांडणही होत नाही. पदवीची वर्षं चित्रकलेत घालवायची असतील तर नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. रेषा आणि उजेड डोळ्यांत बसवायला त्याहून चांगली जागा नाही. प्रवेशाच्या तारखा आणि परीक्षेचं स्वरूप बदलत राहतं, त्या वर्षीचं माहितीपत्रकच प्रमाण माना, क्लासवाल्यांची झेरॉक्स नव्हे. वरचे ब्रेकडाउन जपून ठेवा. मुलाखतीत आवडता दिग्दर्शक विचारला की 'भव्यता' म्हणणारे खूप असतात, विशिष्ट शॉटबद्दल दोन मिनिटं बोलणारे थोडे.

तोवर हाताला काम हवं. लग्नाच्या शूटिंगमध्ये एक्स्पोजर पक्कं होतं आणि पैसे मिळतात, पण सगळं स्लो मोशनमध्ये पाहायची खोड लागते. एक-दोन सीझन करा आणि बाहेर पडा. त्याहून राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर एखाद्या संघाची प्रकाशयोजना किंवा नेपथ्य सांभाळा. एका संध्याकाळी सेट लावायचा, वेळेत काढायचा, यात जे कळतं ते वर्गात कळत नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचा, हंगाम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा गाठा आणि रात्रभर चालणारं नाटक विंगेतून पाहा. रंगवलेला पडदा, मोजके दिवे आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी हालचाल. गरम कपडे आणि परतीच्या गाडीची सोय आधी करून ठेवा. नाटक पहाटे संपतं आणि लगेच बस मिळेलच असं नाही.