मोगऱ्याची छाटणी: देवदिवाळीला करा, हात राखू नका

मोगऱ्याला फूल धरत नाही म्हणून कोणी विचारायला आलं, की मी आधी विचारते, छाटला कधी होता? उत्तरं दोनच असतात. "छाटलाच नाही हो, जीव होत नाही." नाहीतर, "पावसात सगळीच झाडं मारली, तेव्हा तोही मारला." मोगरा फुलतो तो नव्या फुटीच्या शेंड्यावर. जुनी काडी नुसती लांब होत जाते. तिला पानं येतात, फूल फारसं येत नाही. आणि पावसात छाटलेली काडी आपल्याकडच्या धारेत वरून कुजत खाली येते.

आमचं घर गुहागरला, समुद्राच्या अंगाला. परसात नारळ-सुपारी आणि गडग्याच्या कडेने बटमोगऱ्याची रांग. मी गजरे करून देते, त्यामुळे शिमग्याला कळी नसली तर नुकसान माझंच. म्हणून छाटणीची वेळ मी शिमग्यावरून मागे मोजते. छाटल्यापासून कळी हाताला लागेपर्यंत अडीच-तीन महिने धरा. म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, फार तर डिसेंबरचा पहिला. आपल्याकडची देवदिवाळी त्याच सुमाराला येते. भात घरात आलेलं असतं, जमिनीतली ओल उतरलेली असते. संक्रांत उलटून गेल्यावर छाटलात तर कळ्या वैशाखात येणार, आणि तेव्हा विहिरीचं पाणी मचूळ झालेलं असतं.

छाटणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा. पुळणीच्या रेताड मातीत आठ दिवस पुरतात, जांभ्यावरच्या मातीत दोन दिवस जास्त. पानं जरा मलूल झाली की सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री घ्या. कोयती नको, ती काडी चिरते. आधी वाळलेलं, एकमेकांवर घासणारं आणि बुडातून निघालेलं सुतासारखं बारीक फुटवं काढा. मग उरलेलं झाड गुडघ्याएवढं, म्हणजे जमिनीपासून दीड फुटावर आणा. हो, इतकं खाली. शेजारच्या वहिनी दरवर्षी कुंपणावरून बघतात आणि "मारलंस गं झाड" म्हणतात, आणि मार्चमध्ये ओंजळभर कळ्या त्याच घेऊन जातात.

काप पेराच्या, म्हणजे पानं फुटतात त्या गाठीच्या जरा वर, सरळ द्या. तिरका काप गुलाबाला, तिथे डोळा एका बाजूला असतो. मोगऱ्याची पानं समोरासमोर, त्यामुळे एका पेरातून दोन्ही बाजूंना दोन फुटवे निघतात. पेन्सिलीपेक्षा जाड काडी कापली असेल तर तोंडाला बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद आणि चुना सारख्या वजनाने, दहापट पाण्यात, आणि तीही प्लॅस्टिकच्या भांड्यात, लोखंडाच्या नको. काडीवर उरलेली पानंही हाताने ओरबाडून काढा, म्हणजे झाड सगळीकडून एकदम फुटतं.

मुंबईच्या भाचीने मला एकदा लॅव्हेंडरची कुंडी आणून दिली होती. त्याचं शास्त्र अगदी उलटं. फुलून गेलं की वरचा हिरवा भागच कापायचा, खालच्या तपकिरी लाकडाला कात्री लावली तर तिथून बहुधा फूटच येत नाही. ते कोरड्या हवेचं झाड, मुळाशी पाणी थांबलेलं सोसत नाही. त्याची छाटणी बघून मोगऱ्यालाही शेंडे खुडून सोडणारे भेटतात, म्हणून हे सांगितलं. मोगरा जुन्या लाकडातूनही फुटतो.

छाटल्यावर आळं हलक्या हाताने उकरा, एक-दोन दिवस ऊन लागू द्या. मग घमेलंभर कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, वर पातेऱ्याचं, म्हणजे वाळक्या पानांचं आच्छादन आणि मगच पाणी. पहिलं पाणी भरपूर, पुढचं बेताने. कोवळी फूट आली की खारा वारा तिला भाजतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी सकाळी गोड्या पाण्याने पानं धुवावीत. पानामागे बसणारी लाल कोळीही त्या फवाऱ्याने बरीच जाते.

कळ्या येऊ लागल्या की खरं काम सुरू होतं. शेंड्यावर बहुधा तीन कळ्यांचा झुबका असतो. मधली आधी फुलते, बाजूच्या दोन मागून. तिन्ही काढून झाल्या की ती काडी तशीच सोडू नका. पानांची एक जोडी खाली उतरून नखाने खुडा, तिथून पुन्हा दोन फुटवे आणि पुन्हा कळ्या. हे ज्याने केलं त्याला मे अखेरपर्यंत फूल मिळतं. एखादी कळी जांभळट पडून जाळ्यात गुंडाळलेली दिसली तर आत अळी आहे समजा. तोडून जाळा, आळ्यात टाकू नका.

मृग लागला की कात्री ठेवून द्या. मातीला टेकलेल्या फांद्या मात्र पावसात वाया घालवू नयेत. एका पेराखाली साल थोडी खरवडून ते पेर मातीत दाबा, वर दगड ठेवा. पाऊस सरेस्तोवर मुळं धरतात, तेव्हा आईपासून तोडून हवं तिथे लावा. कुंडीत लावणार असाल तर तळाची भोकं मोठी करून घ्या, आणि त्या रोपाला पहिल्या वर्षी खोल छाटणी नको, नुसते शेंडे मारा.