स्कीइंग करताना आधी गुडघा सांभाळा

स्कीइंगमधल्या धोक्यांचा विषय निघाला की बहुतेकांना हिमस्खलन आठवतं. आखलेल्या उतारावर मात्र सगळ्यात जास्त मार खातो तो गुडघा, आणि तोही पुष्कळदा कमी वेगात, साध्या पडण्यात. त्यामुळे तयारीची सुरुवात गुडघ्यापासून आणि बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगपासून करावी.

बाइंडिंगचा आकडा

बाइंडिंगचं निम्मं काम बूट धरून ठेवण्याचं, आणि निम्मं तो वेळेवर सोडून देण्याचं. पायाला पीळ बसला की पुढचा तुकडा बूट बाजूला सोडतो. माणूस तोंडावर पडू लागला की मागचा तुकडा टाच वर सोडतो. किती जोर आल्यावर सोडायचं ते एका आकड्यावर ठरतं. त्याला ‘डिन’ म्हणतात. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत एवढ्या गोष्टी तक्त्यात पाहून तो काढतात. पद्धतीचे मुख्य प्रकार तीन: सौम्य उतारावर सावकाश जाणारे पहिल्यात, मध्यम दुसऱ्यात, तीव्र उतारावर वेगात जाणारे तिसऱ्यात. १० वर्षांखालच्या मुलांसाठी आणि ५० किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसांसाठी आकडा एक पायरी कमी धरतात.

भाड्याने स्की घेताना चूक इथेच होते. संकोचाने वजन कमी सांगितलं तर आकडा कमी लागतो आणि भर वळणात स्की निसटते. नवखे असून स्वतःला तरबेज म्हणवलं तर आकडा जास्त लागतो आणि पडताना स्की सुटतच नाही. मग सगळा पीळ पायावर येतो. खरं वजन, खरं वय आणि खरी कुवत सांगा. बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये, म्हणजे ३०५ वगैरे, टाचेजवळ बाजूला कोरलेली असते. बूट बदलले, तर पायाचं माप तेच असलं तरी बाइंडिंग नव्याने लावून घ्यावं लागतं. ग्रिपवॉक तळाचे, म्हणजे चालायला सोपं जावं म्हणून किंचित वळणदार रबरी तळ असलेले बूट जुन्या बाइंडिंगमध्ये बसल्यासारखे वाटतात, पण बसणं आणि बरोबर सुटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकमेकांना चालतात का, ते विचारून घ्या.

दुकानातून निघण्याआधी दोन्ही स्कींवर पुढे आणि मागे असे चारही आकडे स्वतः वाचा आणि चिठ्ठीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. उतारावर स्क्रूड्रायव्हर काढून आकडा वाढवू नका. स्की सारखी सुटत असेल तर आधी बुटाचा तळ पाहा. तळाखाली बर्फाचा गोळा अडकला की बूट सपाट बसत नाही आणि बाइंडिंग चुकीच्या जोराला सुटतं, किंवा सुटतच नाही. स्की चढवण्यापूर्वी प्रत्येक वेळी तळ खरवडून साफ करा.

मागे पडू नका

नीट लावलेलं बाइंडिंगही गुडघ्याला प्रत्येक पडण्यात वाचवत नाही. सगळ्यात वाईट प्रकार असा: तोल मागे जातो, कंबर गुडघ्यांच्या खाली येते, डोंगराकडचा हात मागे पडतो आणि सगळा भार उताराकडच्या स्कीच्या मागच्या टोकावर, आतल्या कडेवर येतो. ती कड बर्फात रुतून आतल्या बाजूला वळते आणि वाकलेला गुडघा तिच्याबरोबर पिळतो. जोर मागून येत असल्यामुळे पुढच्या तुकड्याला सुटण्याइतका पीळ जाणवतोच असं नाही. तुटतं ते गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी जोडून ठेवणारा चिवट पट्टा.

तोल मागे जातोय हे कळताच दोन्ही हात पुढे स्कींच्या वर आणा आणि पाय जवळ घ्या. तेवढ्यानेही सावरत नसेल तर पडणं मान्य करा. हीच गोष्ट सगळ्यात अवघड जाते, कारण शरीर आपोआप उठायला धडपडतं. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठू नका. पडताना पाय ताठ करू नका, गुडघे वाकलेलेच ठेवा, मागे हात टेकू नका. उठताना दोन्ही स्की उताराच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या ठेवा, मगच वजन टाका.

सरावाला जाण्याआधी सहा ते आठ आठवडे मांड्यांचा व्यायाम करावा, आणि पुढच्या स्नायूंइतकंच मागच्या स्नायूंवर लक्ष द्यावं. ते नडगीचं हाड पुढे सरकू देत नाहीत, म्हणजे एसीएलचाच भार वाटून घेतात.

अंगठ्याचंही एक सांगायला हवं. पोल, म्हणजे हातातली काठी, मुठीत धरून हातावर पडलं की दांडा अंगठ्याला बाहेर ओढतो आणि त्याच्या बुडाचं लिगामेंट फाटतं. पडताना पोल सोडून द्या. झाडांमधून जाताना आणि लिफ्टवर चढताना पोलचे पट्टे मनगटातून काढलेले असावेत.

वेग आणि इतर माणसं

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस एका सेकंदात सुमारे ११ मीटर जातो. ताशी २० च्या तुलनेत टक्कर देणारी ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. हेल्मेट अवश्य घाला, पण त्याची कुवत ओळखून. युरोपीय मानक ईएन १०७७ च्या चाचणीत हेल्मेट सुमारे दीड मीटरवरून आपटतात, म्हणजे आदळतानाचा वेग ताशी २० किलोमीटरच्या जवळपास असतो. झाडावर ताशी ४० ने आदळणाऱ्याला वाचवण्याचं आश्वासन त्यात नाही. जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्या. आतला फोम एकदा दबला की परत तसा उसळत नाही.

आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे वागणुकीचे १० नियम आहेत. त्यांचा गाभा एवढाच की पुढे असलेल्या माणसाचा हक्क आधी. मागून येणाऱ्याने वाट निवडायची आणि ओलांडताना भरपूर जागा सोडायची, कारण पुढचा कधी वळेल ते त्यालाच ठाऊक. स्नोबोर्डवाला एकाच फळीवर आडवा उभा असतो, त्याला त्याच्या पाठीकडचं नीट दिसत नाही, त्या बाजूने जाताना जास्तच जागा सोडा. थांबायचं ते उताराच्या कडेला. अरुंद जागी किंवा उंचवट्याच्या मागे कधीच नाही. निघण्याआधी वर बघा.

नवख्याचा स्नोप्लाऊ, म्हणजे टोकं जुळवून मागे फाकवलेल्या स्की, सौम्य उतारावर छान थांबवतो. कडक, तीव्र उतारावर तो पुरत नाही. तिथे स्की आडव्या करून कडांवर खाली सरकत जाणं यायलाच हवं. ते येईपर्यंत लाल किंवा काळ्या खुणेच्या उतारावर जाऊ नये. युरोपात लाल म्हणजे अवघड, काळा सर्वात अवघड. उत्तर अमेरिकेत लाल नसतो. तिथे निळ्या चौकोनानंतर थेट काळा हिरा येतो.

तोच उतार दिवसभरात बदलत जातो. सकाळी रात्रीचा गोठलेला कडक थर, दुपारी ऊन लागून जड, ओला बर्फ, आणि त्याच वेळी थकलेल्या मांड्या. ओल्या बर्फात स्की अडकते आणि थकलेला पाय ती सोडवू शकत नाही. ‘आता शेवटची एक फेरी’ असं मनात आलं की ती करू नका, लिफ्टने खाली या. ढगाळ उजेडात खड्डे-उंचवटे दिसेनासे होतात. तेव्हा गॉगलला पिवळी किंवा गुलाबी काच लावा आणि मार्गाच्या कडेच्या खांबांच्या आधाराने चला.

उंचीनुसार अतिनील किरणं दर १००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ढग असले तरी गॉगल काढू नका. नाकावर, कानावर पांढरा, बधिर डाग दिसला तर आत जाऊन ऊब द्या. तो चोळू नका, बर्फाने तर नाहीच.

दोरीच्या पलीकडे

बंद केलेल्या उतारावरची दोरी ओलांडू नका. आखलेल्या मार्गाबाहेर जायचं तर आधी त्या दिवसाचं हिमस्खलन पत्रक वाचा. युरोपीय धोक्याची पातळी १ ते ५ असते, आणि ३ म्हणजे ‘मधली’ असं समजून निघणाऱ्यांचे बळी फार जातात. बहुतेक स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि माणसं अडकतात ती बहुधा त्यांच्याच गटाच्या वजनाने सुटलेल्यात. प्रत्येकाकडे ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवंच. गाडलेला माणूस जिवंत मिळण्याची शक्यता पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. बाहेरची मदत तोवर क्वचितच पोहोचते. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून निदान २० सेंटिमीटर दूर ठेवा, शोध घेताना ५०. संशयास्पद उतार एकेकाने ओलांडा. गाढ भुसभुशीत बर्फात झाडांच्या बुंध्याभोवती पोकळी असते, त्यात डोकं खाली जाऊन माणूस गुदमरतो. तिथे जोडीदार नजरेआड होऊ देऊ नका आणि शिट्टी गळ्यात ठेवा.

कुणी पडून राहिलं तर

जखमी माणसापासून उताराच्या वरच्या बाजूला १०-१५ मीटरवर दोन स्की एकमेकींना छेदून बर्फात रोवा, म्हणजे वरून येणारे वळतील. मग स्की पेट्रोलला, म्हणजे उतारावरच्या बचाव पथकाला कळवा: मार्गाचं नाव, कडेच्या जवळच्या खांबावरचा आकडा, दुखापत कुठे आहे, माणूस शुद्धीवर आहे का. मान किंवा पाठ दुखत असेल तर त्याला हलवू नका. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट काढू नका. अंगाखाली आणि अंगावर जॅकेटं घाला, कारण बर्फावर निश्चल पडलेलं शरीर फार लवकर गार पडतं. पथक येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहा.